अँटिसेप्टिक द्रावणांची तुलना: डिस्कच्या झोनवर निकाल देऊ नका

या विषयावरच्या प्रयोगवह्यांत एक निष्कर्ष हमखास सापडतो: ‘अल्कोहोलच्या डिस्कभोवती झोन आला नाही, क्लोरहेक्सिडीनभोवती मोठा आला, म्हणून अल्कोहोल निष्प्रभ आणि क्लोरहेक्सिडीन सर्वोत्तम.’ डिस्क म्हणजे द्रावण घातलेला गोल कागदी तुकडा, जिवाणू लावलेल्या अगरवर (प्लेटमधल्या पोषक जेलीवर) ठेवलेला; झोन म्हणजे त्याभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ. मोजमाप अचूक असते, प्लेटही नीट लावलेली असते, तरी निष्कर्ष चुकतो. डिस्कवरचे अल्कोहोल उडून जाते. राहिलेली द्रव्ये अगरमध्ये आपापल्या वेगाने पसरतात. झोनच्या आकारात मारकशक्तीचा वाटा किती आणि पसरण्याचा किती, हे प्लेटकडे पाहून कळत नाही.

म्हणून काम दोन भागांत करायचे. डिस्क चाचणी फक्त चाळणीसाठी. खरी तुलना द्रावणात जिवाणू ठरावीक वेळ ठेवून, मग किती जिवंत राहिले ते मोजून. दुसऱ्या भागाला मेहनत जास्त लागते आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात, त्यामुळे पुढचा जास्त भर त्यावर आहे.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘कोणते अँटिसेप्टिक चांगले?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘७०% इथेनॉल, १०% पोव्हिडोन आयोडीन आणि ०.५% क्लोरहेक्सिडीन यांच्या २० अंश सेल्सिअसवर १ आणि ५ मिनिटांच्या संपर्कात ई. कोलाय आणि स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस किती घटतात?’ याला उत्तर आहे. द्रावण, तीव्रता, जिवाणू, वेळ आणि तापमान या पाच गोष्टी वाक्यात आल्याच पाहिजेत. एखादी सुटली तर तिचा गोंधळ शेवटी आकड्यांत उतरतो.

पहिल्याच फेरीत सहा द्रावणे आणि पाच जिवाणू घेऊ नका. तीन द्रावणे, दोन जिवाणू आणि दोन वेळा एवढ्यातही नियंत्रणे (तुलनेसाठी लावलेल्या पाण्याच्या वगैरे चाचण्या) धरून प्लेट्सचा ढीग होतो.

## टप्पा २: जिवाणू निवडा

ग्रॅम रंगचाचणीत जिवाणूंचे दोन गट पडतात; त्यांतला एक ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि एक ग्रॅम-निगेटिव्ह हवाच. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून एक जादा पटल असते आणि क्लोरहेक्सिडीन, बेंझाल्कोनियम क्लोराइड, क्लोरोझायलेनॉल यांसारख्या द्रव्यांना ते पटल बरेचदा आडवे येते. ई. कोलायचा के-१२ वाण (ग्रॅम-निगेटिव्ह) आणि मायक्रोकॉकस ल्यूटियस (ग्रॅम-पॉझिटिव्ह) ही शिकाऊ प्रयोगशाळेसाठी बरी जोडी आहे. संस्थेच्या नियमांत बसत असेल तर स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिसचा प्रमाणित वाणही घेता येतो. स्यूडोमोनास एरुजिनोसा अँटिसेप्टिकना चिवटपणे तोंड देतो, म्हणून तो घेण्याचा मोह होतो. पण तो रोगकारक आहे. योग्य दर्जाची प्रयोगशाळा आणि अनुभवी देखरेख नसेल तर त्याला हात लावू नका.

सावधान: जखम, घसा, नाक किंवा दाराची मूठ यांवरून स्वॅब घेऊन तेच जिवाणू वाढवून वापरू नका. प्लेटवर नेमके काय वाढले आहे हे ठाऊक नसते, आणि वाढवल्यावर ते कोट्यवधींच्या संख्येत समोर असते.

बॅसिलस सब्टिलिस घेणार असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. जुन्या कल्चरमध्ये (वाढवलेल्या जिवाणूंत) त्याचे बीजाणू, म्हणजे चिवट सुप्त रूपे, तयार झालेले असतात आणि अल्कोहोल बीजाणू मारत नाही. मग अल्कोहोलच्या नळीतून प्लेटवर भरपूर वसाहती (जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके) येतात आणि वहीत नोंद होते की ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. चाचणी ताज्या, वाढीच्या भरातल्या कल्चरवर करा आणि त्यातला थोडा भाग ८० अंश सेल्सिअसवर १० मिनिटे तापवून प्लेटवर लावा. या उष्णतेत साध्या पेशी मरतात, बीजाणू टिकतात. या प्लेटवर जेवढे उगवेल तेवढे बीजाणू तुमच्या नमुन्यात आधीपासून होते.

## टप्पा ३: द्रावणे तयार करा

येथे घाई झाली की पुढचे सगळे वाया जाते.

अल्कोहोल. प्रथिनांचा आकार मोडायला अल्कोहोलला पाणी लागते, म्हणून ९५ टक्क्यांपेक्षा ७० टक्के द्रावण सहसा सरस ठरते. ९५% इथेनॉल ७३.७ मिली मोजा आणि पाणी घालून एकूण १०० मिली करा. ‘७० मिली अल्कोहोल अधिक ३० मिली पाणी’ हा हिशोब शुद्ध अल्कोहोललाही पुरता लागू पडत नाही, ९५ टक्क्यांना तर नाहीच. बाटली घट्ट बंद ठेवा आणि बर्नरपासून दूर. पेटता बर्नर आणि उघडे अल्कोहोल एकाच टेबलावर नको.

पोव्हिडोन आयोडीन. लेबलवरचे १०% म्हणजे आयोडीन आणि त्याला धरून ठेवणारा पॉलिमर मिळून. उपलब्ध आयोडीन त्यात सुमारे १% असते. टिंक्चरशी तुलना करताना नेमका कोणता आकडा घेतला ते लिहा. हे द्रावण पातळ केले की काही मर्यादेपर्यंत मोकळे आयोडीन वाढते. त्यामुळे थोडे पातळ केलेले द्रावण मूळ द्रावणापेक्षा झटपट मारताना दिसले तर प्रयोग बिघडला असे समजू नका.

क्लोरहेक्सिडीन. ऊर्ध्वपातित पाण्यातच पातळ करा. मिठाच्या पाण्यात ते साखळून खाली बसू शकते. साबणाचा अंश राहिलेल्या काचसामानातही त्याचा जोर मरतो, कारण क्लोरहेक्सिडीनवर धनभार असतो आणि साबणावर ऋणभार. भांडी साबणाने धुतली असतील तर शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने नीट खंगाळून घ्या.

हायड्रोजन पेरॉक्साइड. उजेडात आणि उष्णतेत मोडते. महिनोन्‌महिने उघडी राहिलेली ३ टक्क्यांची बाटली आता ३ टक्क्यांची असेलच असे नाही. नवी बाटली घ्या.

तपासा: प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता, तयार केल्याची तारीख आणि वेळ आहे का? पातळ केलेली द्रावणे त्याच दिवशी वापरायची. उद्यासाठी ठेवायची नाहीत.

## टप्पा ४: जिवाणूंचे निलंबन

निलंबन म्हणजे द्रवात सारखे मिसळलेले जिवाणू. ताज्या कल्चरमधून वसाहती उचलून ०.१% ट्रिप्टोन घातलेल्या ०.८५% मिठाच्या पाण्यात मिसळा आणि गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मानकाइतका आणा. हे मानक घरचे करायचे तर १.१७५% बेरियम क्लोराइड ०.५ मिली आणि १% सल्फ्युरिक आम्ल ९९.५ मिली एकत्र करा. वापरण्याआधी नळी दर वेळी हलवायची, नाहीतर पांढरा साका तळाशी बसतो आणि तुलना फसते. तुलनेसाठी नळ्यांच्या मागे काळ्या रेघा ओढलेला पांढरा कागद धरा. दोन्ही नळ्यांतून रेघा सारख्याच धूसर दिसल्या पाहिजेत.

ई. कोलायच्या बाबतीत एवढा गढूळपणा म्हणजे मिलीलिटरमागे सुमारे १५ कोटी पेशी. साखळ्या किंवा पुंजके करणाऱ्या जिवाणूंसाठी हा आकडा गृहीत धरता येत नाही. म्हणून निलंबनाची प्लेटवरची मोजणी दर वेळी करायचीच.

## टप्पा ५: डिस्क चाचणी, चाळणीपुरती

१. म्यूलर-हिंटन अगर ४ मिमी खोलीचा ओता. ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली लागतो. प्लेट सपाट जागी ठेवूनच ओता. एका बाजूला पातळ झालेल्या अगरवर झोनही एका बाजूला फुगतात.

२. निर्जंतुक कापसाचा बोळा निलंबनात बुडवा आणि नळीच्या आतल्या भिंतीवर दाबून जादा पाणी काढून टाका. मग प्लेटवर तीन दिशांनी, दर वेळी प्लेट ६० अंश फिरवून, सगळीकडे फिरवा. शेवटी कडेने एक फेरा.

३. पृष्ठभाग काही मिनिटे सुकू द्या, पण पंधरा मिनिटांच्या आत डिस्क लावून मोकळे व्हा. उशीर झाला तर जिवाणूंची वाढ आधीच सुरू होते.

४. ६ मिमीच्या निर्जंतुक कागदी डिस्कवर प्रत्येकी १० मायक्रोलिटर द्रावण मोजून घाला. डिस्क द्रावणात बुडवून चिमट्याने उचलण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तीत प्रत्येक डिस्क वेगळे प्रमाण शोषते आणि टपकणारा थेंब अगरवर पसरून खोटा झोन दाखवतो.

५. डिस्कच्या मध्यांमध्ये किमान २४ मिमी अंतर हवे. एका प्लेटवर चार पुरे, त्यातली एक नुसत्या पाण्याची. एकदा टेकलेली डिस्क सरकवायची नाही.

६. प्लेट उलटी करून ३५ अंशांवर १६ ते १८ तास ठेवा. मायक्रोकॉकस सावकाश वाढतो, त्याला जास्त वेळ द्या आणि तसे लिहून ठेवा.

मोजताना डिस्कसह व्यास घ्या, एकमेकांना काटकोनात दोनदा, प्लेटच्या मागच्या बाजूने, काळ्या पृष्ठभागावर धरून. झोन नसेल तर वाचन शून्य नव्हे, ६ मिमी. सरासरी काढताना हा एक आकडा फार गडबड करतो.

आता या आकड्यांतून काय काढता येते? एकाच द्रावणाच्या वेगवेगळ्या तीव्रतांची एकाच जिवाणूवर तुलना, बऱ्यापैकी विश्वासाने. एकाच द्रावणाची दोन जिवाणूंवर तुलना, जपून, कारण वेगाने वाढणारा जिवाणू द्रव्य पसरण्याआधीच आपला थर जमवतो आणि झोन आखूड दिसतो. दोन वेगळ्या द्रावणांची झोनवरून तुलना अजिबात नाही. अल्कोहोल उडते, आयोडीन अगरमधल्या प्रथिनांशी अडकून खर्ची पडते, क्लोरहेक्सिडीनसारखे रेणू सावकाश सरकतात. प्रत्येकाची अडचण वेगळी, मग पट्टी एकच कशी चालेल?

शिवाय झोन फक्त वाढ थांबली एवढेच सांगतो. आत जिवाणू मेले की नुसते दबून आहेत हे पाहायचे तर स्वच्छ झोनमधला अगरचा छोटा तुकडा निर्जंतुकपणे कापून पुढच्या टप्प्यातल्या न्यूट्रलायझर ब्रॉथमध्ये (द्रावणाचे काम बंद पाडणाऱ्या पोषक द्रवात) टाका. दुसऱ्या दिवशी ब्रॉथ गढूळ झाला, वाढलेला जिवाणूही तोच निघाला, तर द्रावणाने त्याला मारले नव्हते, रोखून धरले होते.

## टप्पा ६: न्यूट्रलायझर आधी सिद्ध करा

संपर्ककाळ एक मिनिट ठरवला, एका मिनिटाने नमुना उचलला आणि थेट अगरवर पसरला, तर क्लोरहेक्सिडीन नमुन्याबरोबर प्लेटवर जाते आणि तिथेही काम करत राहते. वसाहत एकही येत नाही. वहीत ‘एका मिनिटात सर्व जिवाणू नष्ट’ अशी नोंद होते, प्रत्यक्षात ते एक मिनिट आणि एक रात्र असते. शिकाऊ अहवालांत या प्रयोगाचा निकाल बिघडवणारी सर्वांत मोठी चूक माझ्या मते हीच, आणि ती दिसतही नाही, कारण प्लेट छान स्वच्छ असते.

उपाय म्हणजे ठरलेल्या क्षणी द्रावणाचे काम बंद पाडणारे माध्यम. आयोडीनला सोडियम थायोसल्फेट. क्लोरहेक्सिडीन आणि बेंझाल्कोनियमला ट्वीन ८० आणि लेसिथिन. पेरॉक्साइडला कॅटालेज. अल्कोहोलला बहुधा दहापट पातळ करणेच पुरते. ब्रॉथमध्ये ३% ट्वीन ८०, ०.३% लेसिथिन आणि ०.५% सोडियम थायोसल्फेट घातले की बहुतेक द्रावणांचे भागते. तयार डे-एंगली ब्रॉथ मिळाला तर तो घ्या, लेसिथिन विरघळवण्याचा त्रास वाचतो.

पण ‘घातला म्हणजे झाले’ असे नाही. मुख्य चाचणीच्या आधी, प्रत्येक द्रावण आणि प्रत्येक जिवाणू यांच्या जोडीसाठी, तीन नळ्या लावा:

- क: १ मिली पाणी + ९ मिली साधे मिठाचे पाणी
- ख: १ मिली पाणी + ९ मिली न्यूट्रलायझर
- ग: १ मिली अँटिसेप्टिक + ९ मिली न्यूट्रलायझर

पाच मिनिटे थांबा. मग प्रत्येकीत मिलीलिटरमागे सुमारे १०,००० पेशी असलेले निलंबन ०.१ मिली घाला, हलवा आणि दहा मिनिटांनी १ मिली प्लेटमध्ये घेऊन वरून अगर ओता. तिन्हींत शंभराच्या आसपास वसाहती यायला हव्यात.

तपासा: ‘ख’ कमी आला तर न्यूट्रलायझरच जिवाणूंना बाधतो आहे. ‘ख’ ठीक पण ‘ग’ कमी, तर द्रावण पुरते थांबलेले नाही. दोन्ही ‘क’च्या निम्म्याहून जास्त येईपर्यंत पुढे जाऊ नका. एक दिवस जातो, जाऊ द्या.

## टप्पा ७: संपर्ककाळाची चाचणी

१. द्रावणे, निलंबन आणि पाणी २० अंशांच्या पाणपात्रात ठेवून एका तापमानाला आणा. तापमान वाढले की बहुतेक द्रावणे जास्त वेगाने मारतात, म्हणून खिडकीजवळची नळी आणि फ्रिजमधून नुकती काढलेली नळी यांची तुलना होत नाही.

२. ९.९ मिली द्रावणात ०.१ मिली निलंबन घाला आणि त्याच क्षणी घड्याळ सुरू करा. ९ मिलीत १ मिली घालण्याची सवय इथे महागात पडते: ७०% अल्कोहोल ६३% होते, आणि तुम्ही तपासता वेगळेच द्रावण. ०.१ मिली घातल्यावर ते ६९.३% राहते.

३. निलंबन थेट द्रवात सोडा, नळीच्या भिंतीवर नको. भिंतीवर चिकटलेल्या थेंबाला द्रावण लागतच नाही आणि शेवटी तोच ‘प्रतिकारक्षम जिवाणू’ म्हणून वहीत चढतो.

४. ठरलेल्या वेळी १ मिली उचलून ९ मिली न्यूट्रलायझरमध्ये. हलवा, पाच मिनिटे थांबा.

५. यातले १ मिली थेट, आणि पुढे दर वेळी दहापट पातळ केलेल्या नमुन्यांतूनही १-१ मिली, प्रत्येकी दोन प्लेट्समध्ये घेऊन अगर ओता. अगर ४५ अंशांच्या आसपास हवा. हाताला चटका बसेल इतका गरम अगर अर्धमेल्या पेशी संपवतो आणि श्रेय अँटिसेप्टिकला मिळते.

६. द्रावणाऐवजी पाणी घेऊन हेच सगळे, त्याच वेळांना. ही पाण्याची नळी म्हणजे तुमचा पाया. शेवटच्या वेळेपर्यंत तिच्यातलीच संख्या उतरली असेल तर पाणी किंवा काचसामान तपासा.

एका हाताने एक मिनिटाच्या चाचण्या एकामागून एक लावताना नळ्यांत किमान ३० सेकंदांचे अंतर ठेवा आणि वेळापत्रक कागदावर लिहून समोर चिकटवा. मनातल्या मनात वेळ सांभाळायला जाऊ नका.

## टप्पा ८: मोजणी आणि हिशोब

३० ते ३०० वसाहतींच्या प्लेट्स मोजा. सर्वांत कमी पातळ केलेल्या प्लेटवर ३० पेक्षा कमी असतील तर तोच आकडा घ्या आणि शेजारी खूण करा.

उदाहरणार्थ, पाण्याच्या नळीत मिलीलिटरमागे १५ लाख आढळले. त्याचा लॉग (दहाच्या पायावरचा लॉगरिदम) ६.१८. क्लोरहेक्सिडीनच्या न्यूट्रलायझर नळीतून थेट घेतलेल्या १ मिलीच्या प्लेटवर ४५ वसाहती आल्या. ती नळी दहापट पातळ होती, म्हणून मूळ मिश्रणात मिलीलिटरमागे ४५०, लॉग २.६५. दोन लॉगमधला फरक म्हणजे लॉग घट, ३.५३. हेच टक्क्यांत ९९.९७, जे ऐकायला परिपूर्ण वाटते, पण नळीत मिलीलिटरमागे साडेचारशे जिवंत आहेत. टक्क्यांत तुलना करू नका. ९९.९ आणि ९९.९९९ शेजारी शेजारी सारखेच भासतात, प्रत्यक्षात उरलेल्या जिवाणूंत शंभरपटीचा फरक असतो.

एकही वसाहत नाही आली तर? ‘१०० टक्के’ लिहायचे नाही. वरच्या मांडणीत १ मिलीच्या प्लेटवर शून्य म्हणजे मिलीलिटरमागे १० पेक्षा कमी, म्हणून घट ‘५.१८ पेक्षा जास्त’. तोच नमुना ०.१ मिली पसरवून लावला असता तर मर्यादा १०० वर गेली असती आणि फार तर ‘४.१८ पेक्षा जास्त’ म्हणता आले असते. जंतुनाशकांच्या अनेक मानक चाचण्यांत ५ लॉग घटीची अट असते. तिथे पोहोचायचे तर प्लेटवर किती मिली घेता हे आधीच ठरवावे लागते.

पुनरावृत्ती म्हणजे वेगवेगळ्या दिवशी, नव्या कल्चरवर, निदान तीनदा. एकाच नळीतून लावलेल्या तीन प्लेट्स म्हणजे तुमच्या पिपेटची परीक्षा. लॉग घटीची सरासरी काढा, वसाहतींची नाही.

निकाल साधारण अपेक्षेप्रमाणे आहेत का, हेही पाहा. ७०% अल्कोहोलने दोन्ही प्रकारच्या साध्या पेशी एका मिनिटात झपाट्याने घटायला हव्यात. डिस्कवर शून्य ठरलेले तेच द्रावण इथे पुढे येते. क्लोरोझायलेनॉल आणि बेंझाल्कोनियम ग्रॅम-पॉझिटिव्हवर अधिक जोरदार असतात. याच्या उलटे आले तर आधी न्यूट्रलायझरची नोंद उघडा, नव्या शोधाची घोषणा नंतर.

## टप्पा ९: घाण मिसळून पुन्हा

स्वच्छ नळीतला निकाल जखमेवर जशाचा तसा लागू होत नाही. रक्त आणि पू यांतली प्रथिने आयोडीन आणि क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून वेळ असेल तर एक फेरी अल्ब्युमिन घालून करा: अंतिम मिश्रणात लिटरमागे ०.३ ग्रॅम म्हणजे ‘स्वच्छ’ स्थिती, ३ ग्रॅम म्हणजे ‘अस्वच्छ’. काही द्रावणांचा क्रम इथे बदलतो. बदलला तर दोन्ही क्रम द्या, सरासरी काढून एक करू नका.

## टप्पा १०: आवराआवर

प्लेट्स टेपने बंद करूनच मोजा, मोजणीनंतर उघडू नका; टप्पा ५ मध्ये झोनमधला तुकडा कापायचा असेल तेवढाच अपवाद. सर्व प्लेट्स, नळ्या आणि बोळे १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करून मगच टाकायचे. भरगच्च पिशवीच्या मधोमध वाफ पोहोचायला वेळ लागतो, म्हणून पिशवी सैल भरा, तोंड घट्ट बांधू नका आणि साध्या माध्यमाला पुरणाऱ्या १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्या. ब्लीच घातलेले काहीही ऑटोक्लेव्हमध्ये जाऊ देऊ नका, विषारी वायू निघतो. अल्कोहोलचे उरलेले द्रावणही तिथे नको, ते ज्वलनशील कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत. जिवाणू मिसळलेल्या अल्कोहोलच्या नळ्यांचे काय करायचे हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सुरुवातीलाच विचारून ठेवा, शेवटी सिंकपाशी उभे राहून नव्हे.